वाल्देमारच्या उंचीची मेणबत्ती

ऑगस्टातल्या दुसऱ्या रविवारी सोतु गावाहून मरियामातेच्या तीर्थाला, फातिमाला, जी बस जायची, ती कागदोपत्री कुणाच्याही मालकीची असो, आत राज्य झुल्मिराचं असायचं. कुणाला गाडी लागते म्हणून पुढे बसवायचं, कोण घोरतं म्हणून मागे टाकायचं, कुठे लघवीला थांबायचं आणि कुठे कितीही गयावया केली तरी थांबायचं नाही, हे सगळं तिचं ठरलेलं. ड्रायव्हर गास्पारच्या अंगात तो रस्ता इतका भिनला होता की झोपेतसुद्धा त्याने बस नेली असती. तरी प्रत्येक फाट्याच्या आधी झुल्मिरा त्याला 'आता उजवीकडे घे' म्हणून सांगायची, आणि तोही दर वेळी 'बरं झालं सांगितलंत मावशी' म्हणायचा. असं म्हटलं की वाद होत नाहीत आणि जेवताना खीर जास्त मिळते, हे त्याला कळून चुकलं होतं.

जन्मभर तिने गावच्या शाळेत पोरांसाठी स्वयंपाक केला. पुढे गावात पोरंच उरली नाहीत, शाळेला कुलूप लागलं, पण सूप वाढायची लांब दांड्याची पळी झुल्मिराने काही परत केली नाही. फातिमाच्या अवाढव्य पटांगणात बाकीचे वाटाडे झेंडे नाहीतर छत्र्या उंच धरून आपापली माणसं गोळा करतात. झुल्मिरा पळीला निळा रुमाल बांधून ती वर धरायची. एका वर्षी पोलंडहून आलेल्या तीन आजीबाई चुकून या पळीमागे चालत आल्या आणि सोतुकरांच्या पंगतीत येऊन बसल्या. झुल्मिराने त्यांना पोटभर जेवू घातलं, तोंड पुसायला लावलं आणि मग हात धरून त्यांच्या बसपाशी नेऊन सोडलं.

बसमधला जो तो कसला ना कसला नवस फेडायला निघालेला असायचा. कुणाला मेणाचा पाय वाहायचा, कुणाला मेणाचं काळीज, कुणाला चॅपेलपर्यंत आखलेल्या गुळगुळीत पट्टीवरून गुडघे टेकत जायचं. गुडघेवाल्यांसाठी झुल्मिराने जुन्या गादीचा कापूस भरून उशा शिवल्या होत्या. 'बोलताना जीभ पुढे आणि फेडताना पाय मागे,' असं म्हणत ती एकेकाला दंडाला धरून न्यायची. कुणाचा नवस बाकी आहे, कुणी अर्धाच फेडून पळ काढलाय, सगळं तिला तोंडपाठ. आणि एवढं करून तिचा स्वतःचा नवस मात्र तसाच पडून होता.

तो नवस ती बोलली तेव्हा तिचा मुलगा वाल्देमार चार वर्षांचा होता. ताप मेंदूत गेला होता, आणि शहरातल्या इस्पितळाचे डॉक्टर तिच्याशी बोलताना तिच्या डोळ्यांत बघायचे बंद झाले होते. बाहेरच्या ओसरीत भिंतीला टेकून झुल्मिरा म्हणाली, "मरियामाते, याला राहू दे. याच्या उंचीची मेणबत्ती याच्याच हाताने तुझ्याकडे पाठवीन." दुसऱ्या दिवशी पोराने पाणी मागितलं. आठवड्याने तो खाटेवर उड्या मारत होता आणि नर्सबाई झुल्मिराला म्हणत होत्या, घेऊन जा हो याला आता.

तिकडे असले नवस घरोघरी असतात. माणूस जेवढा उंच तेवढी मेणबत्ती, त्यात विशेष काही नाही. फक्त लवकर फेडायचा, विशेषतः लहान पोराचा. झुल्मिराने पहिल्या वर्षी द्राक्षांच्या खुडणीचं निमित्त सांगितलं. मग पोराची शाळा सुरू झाली. मग त्याने भिंतीवरून उडी मारून पाय मोडून घेतला. मग तो सटासट वाढायला लागला तेव्हा ती म्हणाली की वाढतंय तोवर काय मोजायचं, एकदाचं थांबू दे. तो थांबला तेव्हा घराच्या दारातून वाकून आत यायला लागला होता, आणि लवकरच फ्रान्सला गवंडीकामाला निघून गेला. आता त्याची चाळिशी उलटली होती. दर ऑगस्टात तो महिनाभर गावी यायचा, आणि ज्या रविवारी बस निघायची त्याच रविवारी झुल्मिरा त्याला काहीतरी काम लावून द्यायची. कधी छपराची कौलं, कधी कोंबड्यांचं खुराडं.

गावाने आपल्या परीने अर्थ लावला. वाल्देमार फ्रान्सला जाऊन बाटला, देवाधर्माला मानत नाही, बिचारी आई तरी काय करणार. झुल्मिराने तसं कधी म्हटलं नाही, आणि तसं नाही असंही कधी म्हटलं नाही. मूग गिळून बसली. तिच्यासारख्या बाईने मूग गिळायचे म्हणजे काही थोडंथोडकं कारण नसणार, पण तिला विचारायची कुणाची टाप नव्हती.

यंदा फेलिझ्मिनाने घोटाळा केला. फेलिझ्मिना ही झुल्मिराची शेजारीण, लहानपणापासूनची मैत्रीण आणि तेव्हापासूनचीच वैरीण. दोघींचं एकमेकींवाचून पानही हलायचं नाही आणि एकमेकींचं चांगलंही बघवायचं नाही. कॉफीच्या दुकानात भरल्या लोकांत तिने वाल्देमारला टोमणा मारला, की एवढी मोठी गाडी घेऊन येतोस फ्रान्सहून, तीत तुझ्या नवसाची मेणबत्ती तेवढी मावत नाही होय रे? वाल्देमारने कपातली कॉफी तशीच ठेवली. तो नवस आपल्या लहानपणीच फेडून झालाय, अशी त्याची आजवरची समजूत होती. दुकानातून उठून तो सरळ मेणबत्तीवाल्या अबिलियूकडे गेला.

झुल्मिराला ही बातमी अबिलियूकडूनच कळली, तीही अभिनंदनासकट. दुकानाच्या दाराशी उभं करून माप घेतलं, अबिलियू मोठ्या कौतुकाने सांगत होता. बूट काढायला लावले, नवसात टाचा धरत नाहीत. एवढी मोठी मेणबत्ती आयुष्यात केली नव्हती, आता फक्त थंड जागी आडवी ठेवा. झुल्मिरा तोंडभर हसली, त्याचे आभार मानले, आणि घरी येऊन नवऱ्याच्या, आमिल्कारच्या, ताटात आदल्या दिवशीचा पाव आदळला. आमिल्कार पंचेचाळीसेक वर्षं तिच्याबरोबर नांदलेला माणूस. त्याने तो पाव सूपमध्ये बुडवला.

वाल्देमारशी मात्र ती गोडच बोलली. यंदा उन्हाळा फार आहे म्हणाली. खुराड्याची जाळी फाटलीय म्हणाली. वाल्देमारने जाळी शनिवारीच शिवून टाकली आणि रविवारी उजाडायच्या आत मेणबत्ती खांद्यावर घेऊन तो बसपाशी हजर झाला.

मेणबत्ती खरोखर देखणी होती. पिवळसर मेणाची, मनगटाएवढी जाड आणि गवंड्याने ओळंबा लावून बसवावी तशी सरळ. आडवीतिडवी करून ती बसच्या दारातून आत घेतली आणि आसनांच्या हातांवर आडवी टाकली. त्यामुळे मागच्या लोकांना पुढे यायचं झालं की पाय उचलून पलीकडे जावं लागे, आणि घाटात प्रत्येक वळणावर चारसहा हात आपोआप तिला धरायला पुढे येत. म्हाताऱ्यांनी वाल्देमारला सोडलं नाही. वेळेवर फेडला असतास तर खिशात मावली असती, एक म्हणाली. दुसरी म्हणाली, लग्न कर बाबा लवकर, नाहीतर बायकोच्या उंचीचीपण अशीच वाट बघत बसायची. वाल्देमार लाजून लाल झाला, पण त्याला मजा येत होती. कितीतरी वर्षांनी गाव त्याच्याशी पाहुण्यासारखं न वागता घरच्यासारखं वागत होतं.

झुल्मिरा पुढच्या आसनावर माइक घेऊन बसली होती. जपमाळ तिच्या तोंडून एका दमात चालायची आणि मध्ये मध्ये हुकूम सुटायचे, "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर, आमेन, मागची खिडकी कोण उघडतंय?" खिडकीचा प्रश्न दरवर्षीचाच. सोतुच्या बायका पिसाळलेल्या कुत्र्याला भिणार नाहीत एवढ्या वाऱ्याच्या झोताला भितात. मानेवर वारा लागला की माणूस गेलाच, अशी त्यांची पक्की खात्री. बसमधलं थंड हवेचं यंत्र तर त्यांनी कधी सुरूच होऊ दिलं नव्हतं. एकूण खिडक्या बंद, यंत्र बंद आणि माणसं घामाने निथळत, पण सुखात.

फातिमाच्या अलीकडे पाइनच्या झाडांखाली जेवायला थांबायचं, हाही नियम. गास्पारने बस सावलीत लावली. टोपल्या उघडल्या, खारवलेल्या माशाचे वडे निघाले, अंड्यात घोळून तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, बकरीच्या दुधाचं चीज, आणि आमिल्कारने पोटच्या पोरासारखा मांडीवर सांभाळून आणलेला वाइनचा बुधला. वाल्देमार बसकडे बघून म्हणाला, मेणबत्ती खाली घेतो, इथे वारं आहे. झुल्मिराने तिथल्या तिथे त्याला गप्प केलं. खाली मुंग्या आहेत, कुत्री आहेत, कुणीतरी पाय देईल. बसमध्येच राहू दे, दार लावलंय, कुणी हात लावणार नाही. त्याला पटलं. आईचं म्हणणं त्याला लहानपणापासून पटायचंच.

झुल्मिरा बसकडे तोंड करून बसली होती. ऊन कसं सरकतं ते तिला बसल्या जागी दिसत होतं. आधी ते बसच्या पुढच्या काचेवर आलं. ती खीर वाढायला उठली, दालचिनी भुरभुरलेली तांदळाची खीर, प्रत्येकाला दोन दोनदा. परत बसली तेव्हा ऊन पुढच्या आसनांवर होतं. तिच्या तोंडात घास फिरायला लागला. उठून सांगावं, वाल्देमार, जा बाळा, ती सावलीत आण. एवढं एक वाक्य. ते तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच बसून राहिलं.

एवढ्यात गास्पारने अकॉर्डियन काढलं. झुल्मिरा एरवी जेवणानंतर कुणाला नाचू द्यायची नाही, नवस फेडायच्या आधी नाच कसला म्हणायची. आज तीच उठली, वाल्देमारचा हात धरला आणि त्याला ओढत गवतावर घेऊन गेली. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. एवढा उंच गवंडी आणि त्याच्या छातीपर्यंत येणारी ती गोल गरगरीत बाई, दोघं असे काही नाचले की फेलिझ्मिनासुद्धा आमिल्कारला उठवून मैदानात उतरली. झुल्मिरा त्याला फिरवत होती, आणि फिरवताना त्याची पाठ बसकडे राहील एवढं जपत होती. तो हसत होता. तिला वाटलं, असाच हसत राहू दे याला, मग माझं काय व्हायचं ते होवो.

बसचं दार गास्पारनेच उघडलं आणि तो डोक्याला हात लावून बाहेर आला. आतून भट्टीसारखी वाफ आली. मेणबत्ती दोन आसनांच्या मध्ये खाली झुकली होती. ओल्या गोधड्या टाकल्यावर दोरीला झोळ पडतो तसा तिला झोळ पडला होता. वाल्देमार आत गेला, खाली बसला, आणि खचलेल्या तुळईकडे बघावं तसा एक डोळा बारीक करून तिच्याकडे बघत राहिला. हळूच उचलून बाहेर आणली तर म्हातारपणाने कंबरेत वाकलेल्या माणसासारखी दिसायला लागली.

मग पाइनच्या झाडांखाली वाद पेटला. सरळ करायला जाल तर तडकेल, आतली वात तेवढी राहील, असं सगळ्यांचं एकमत झालं. पुढे मतं फुटली. गास्पारचं म्हणणं, वाक धरून मोजली तर उंची तेवढीच भरते, मेण काही कुठे पळालेलं नाही. फेलिझ्मिना म्हणाली, मातेने मेणबत्ती मागितली होती, म्हातारीची काठी नव्हे. कुणी म्हणालं चर्चमध्ये जाऊन विचारू, कुणी म्हणालं फादरला विचारलं की तो उत्तर देतो आणि मग ते पाळावं लागतं. आमिल्कारला विचारलं तेव्हा तो बुधल्यात किती उरलीय ते बघत होता.

झुल्मिराने बसच्या दारात उभं राहून माइक घेतला. अशी मेणबत्ती नेणं बरं दिसत नाही, असं तिने जाहीर केलं. अबिलियूला दुसरी करायला सांगू, पुढच्या वर्षी नेऊ, माता समजून घेणारी आहे, एवढी वर्षं थांबली तर आणखी एक वर्ष थांबेल. लोकांनी माना डोलावल्या. फेलिझ्मिनासुद्धा म्हणाली की चूक खिडक्या बंद ठेवणाऱ्यांची आहे, म्हणजे आपलीच. सगळं अगदी झुल्मिराच्या मनासारखं झालं होतं.

वाल्देमारने मेणबत्ती झाडाला टेकवली आणि आईला म्हणाला, जरा इकडे ये. दोघं बसच्या मागे गेली.

"आई, तू कुणाला ओरडली नाहीस," तो म्हणाला.

"मग? ओरडायला हवं होतं?"

"सकाळी मिठाची पुडी राहिली म्हणून बाबांना भर रस्त्यात धारेवर धरलंस. इथे एवढी मेणबत्ती वाया गेली आणि तू गास्पारला साधं 'गाढवा' म्हणाली नाहीस. कुणालाच काही म्हणाली नाहीस." तो तिच्याकडे बघत राहिला. "आणि मला नाचायला नेलंस. का?"

झुल्मिराने पदर नसलेल्या बाया जे करतात ते केलं, म्हणजे एप्रनची कड हातात घेऊन तिची गुंडाळी करत बसली. खोटं बोलायला तिच्याकडे निमित्तं अजून पुष्कळ होती. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने सरळ विचारलं होतं, आणि सरळ विचारल्यावर तिला खोटं बोलता येत नसे.

"तू तिकडे परांचीवर चढतोस," ती म्हणाली. "फोनवर सांगतोस, आज पाचव्या मजल्यावर होतो, आज आठव्या. तू सांगून मोकळा होतोस. मी इकडे भांडी घासता घासता तिला म्हणते, बाई गं, याचा नवस अजून व्हायचाय. याला काही झालं तर तुझी मेणबत्ती बुडाली. ज्याच्याकडून आपलं येणं आहे त्याला कुणी मरू देतं का? म्हणून ती बघते तुझ्याकडे. एकदा फेडला की ती मोकळी झाली. मग वर आठव्या मजल्यावर तुला धरणार कोण? मी तर इथे."

ती रडली नाही. एवढं बोलून तिला दम लागला होता.

वाल्देमारला हसू येईल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"आणि गाव मला नास्तिक म्हणत होतं ते?"

"म्हणू दे," झुल्मिरा म्हणाली. "नास्तिक म्हटल्याने कुणी मरत नाही."

आता मात्र तो हसला, मोठ्याने, मान मागे टाकून, इतका की फेलिझ्मिना काय झालं बघायला बसला वळसा घालून आली. त्याने आईच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, चल, नेऊ या ती.

"अरे वाकलीय ती."

"मीपण वाकलोय. सरळ पाठीचा गवंडी पाहिलायस कुठे?"

तो ऐकणार नाही हे तिच्या लक्षात आलं. तो तिच्यावरच गेला होता.

मेणबत्तीचा वाक नेमका त्याच्या खांद्यावर बसला. कुदळ टाकून शेतावर निघावं तसा तो पटांगणात उतरला आणि अख्खं सोतु गाव त्याच्या मागे. झुल्मिराने त्या दिवशी पळी वर धरली नाही. दोन्ही हातांनी ती मेणबत्तीचं मागचं टोक धरून चालली होती, म्हणून पळी फेलिझ्मिनाच्या हातात गेली. या संधीची वाट ती जन्मभर बघत होती. पळी मिळताच तिने सगळ्यांना चॅपेलऐवजी आधी जपमाळांच्या दुकानांकडे नेलं आणि गास्पारला त्यांना हाका मारत परत वळवावं लागलं. वाटेत परक्या मुलखाच्या दोन बायकांनी मेणबत्तीला हात लावून तो कपाळाला लावला. इतकी वाकडी आहे म्हणजे कुठल्यातरी मोठ्या संकटातून सुटलेल्याची असणार, असं त्यांना वाटलं असावं.

चॅपेलसमोर रांग होती. रांगेत एक स्पॅनिश बाई मध्येच घुसली, आणि झुल्मिराची गेलेली वाचा परत आली. दोघी आपापल्या भाषेत भांडल्या आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळलं. वाल्देमार तेवढा वेळ पुतळ्याकडे बघत शांत उभा होता. त्याचे ओठ हलत होते. आईने ते पाहिलं नाही, ती तेव्हा जिंकत होती.

मग मेणबत्त्या जाळायच्या जागी आले. तिथली आच दहा पावलांवरूनच तोंडाला लागते. लोखंडी पट्ट्यांवर शेकडो मेणबत्त्या एकत्र जळत असतात, आणि त्या उष्णतेने उंच मेणबत्त्या पेटायच्या आधीच माना टाकतात. कुणी नवऱ्याच्या उंचीची आणलेली, कुणी लेकीच्या, सगळ्या एकमेकींच्या अंगावर वाकलेल्या. फेलिझ्मिना डोळ्यांवर हात धरून बघत होती. शेवटी तिला कबूल करावं लागलं. "इथे तर सगळ्याच वाकल्यात गं," ती म्हणाली. "आपली वाटेतच वाकून आली, एवढंच." आणि तिने झुल्मिराच्या पाठीवर हात ठेवला.

वाल्देमारने वात पेटवली. दोघांनी मिळून मेणबत्ती पुढे सरकवली, त्याचे हात पुढे आणि तिचे मागे. मेण भराभर पाघळायला लागलं. आता फक्त सोडायची होती. झुल्मिराची बोटं सुटेनात. आच लागून तिचा चेहरा लाल झाला होता, गास्पार मागून म्हणत होता मावशी भाजेल, पण तिने टोक घट्ट धरून ठेवलं होतं.

"आई, सोड आता," वाल्देमार म्हणाला.

"सोडते. थांब जरा."

तो तिच्याकडे झुकला. मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली घेतला, पण फेलिझ्मिनाने ऐकलंच, म्हणून तर पुढे ते गावाला कळलं.

"मघाशी तू त्या बाईशी भांडत होतीस ना, तेव्हा मी एक नवस बोललोय. तुझ्या नावाने. तुझ्या उंचीची मेणबत्ती, तुझ्याच हाताने."

झुल्मिराने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"आणि मी तुझाच मुलगा," तो म्हणाला. "मला फेडायची काडीची घाई नाही. कौलं आहेत, खुराडं आहे, द्राक्षं आहेत. तिचं येणं राहील तोवर ती तुला नेणार नाही."

ते तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा बोटं आपोआप सैल झाली, आणि वाल्देमारच्या उंचीची मेणबत्ती बाकीच्यांमध्ये जाऊन आडवी पडली आणि पेटली. झुल्मिरा आता रडायला लागली, सगळ्या गावासमोर, अगदी लहान पोरीसारखी हुंदके देऊन. इतकं हलकं तिला त्या इस्पितळाच्या ओसरीनंतर कधी वाटलं नव्हतं. आमिल्कारने खिशातून रुमाल काढून दिला. तिने त्यात नाक शिंकरलं, तो नीट घडी करून त्याला परत दिला, आणि लेकाकडे संशयाने बघायला लागली.

"लबाडा," ती म्हणाली. "तू जितका उशीर करशील तितकी मी म्हातारी होणार, आणि म्हातारी माणसं दर वर्षाला आखूड होत जातात. तुला मेण वाचवायचंय."

"हो ना आखूड," वाल्देमार म्हणाला. "पण सावकाश हो."